रेंडरमध्ये पाऊस पडत नाही

घर बांधायला निघालेला माणूस हल्ली माझ्याकडे येतो तो मोबाइल पुढे करतच. त्यात उतरत्या छपराचा बंगला असतो. मागे मावळतीचं गुलाबी आकाश, पुढे कापलेली हिरवळ आणि हॉलमध्ये छपराच्याच उताराने तिरकं चढत गेलेलं पांढरंशुभ्र सीलिंग. 'मॅडम, डिट्टो असंच पाहिजे.' मी चिपळूणला घरांची कामं करते. आमच्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि या चित्रांत त्याचा एक थेंबही नसतो. चित्रं वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण भिंत, छप्पर आणि आतलं सीलिंग ही तिघं जिथे एकत्र येतात, ती जागा त्यांत कधीच दिसत नाही. घर गळायला लागतं ते बहुतेक वेळा तिथून. पहिली भेग पडते ती तिथे, आणि पाली, उंदीर, वटवाघळं आत येतात तीही तिथूनच.

ही चित्रं, म्हणजे रेंडर, बनतात ती मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. स्केचअप बहुतेकांना ठाऊक असतं. २००० साली ते आलं, मधली काही वर्षं गूगलकडे होतं, तेव्हा फुकट मिळायचं म्हणून घरोघरी पोचलं. त्यात भिंत म्हणजे नुसते पृष्ठभाग. ती विटेची की काचेची, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. दोन पृष्ठभाग एकाच पातळीत आले तर पडद्यावर ते लुकलुकत राहतात, कधी हा पुढे कधी तो. मग ऑफिसातली मुलं त्यातला एक पृष्ठभाग दोन मिलिमीटर खाली ओढतात, लुकलुक थांबते आणि काम झालं म्हणतात. रेव्हिट आणि हंगेरीत जन्मलेलं आर्किकॅड यांची जात वेगळी. त्यांच्यात भिंत ही भिंत असते, छप्पर हे छप्पर. प्रत्येकाला जाडी असते, थर असतात, कोणता थर कोणाला कापून पुढे जाईल याचा अग्रक्रमही ठरवता येतो. म्हणजे सांधा नीट जुळवण्याची सगळी सोय हाताशी आहे. तरीही तो जुळवला जात नाही, आणि माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे.

रेव्हिटमध्ये छप्पर काढणं सोपं. घराची बाह्यरेषा द्यायची, कोणत्या कडेने उतार हवा ते सांगायचं, कोन टाकायचा, की पाखी उभी राहतात. भिंतींना छपराशी जोडायचा हुकूम दिला की त्या वर जाऊन छपराच्या पोटाला बरोब्बर तिरक्या कापून टेकतात. पुढे मालकाने उतार वाढवा म्हटलं तर भिंती आपोआप मागोमाग जातात. इथवर सगळं सुरळीत. घोडं पेंड खातं ते सीलिंगपाशी. खोलीत क्लिक केलं की सीलिंग खोलीभर पसरतं खरं, पण सपाट, दिलेल्या उंचीवर. ते तिरकं हवं असेल तर उताराचा बाण वेगळा काढायचा, त्याचा कोन वेगळा भरायचा. छपराचा कोन एका जागी, सीलिंगचा दुसऱ्या जागी, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. छपराला २२ अंश दिले आणि सीलिंगला घाईत साडेबावीस, तर चार मीटर अंतरात दोघांत ४१ मिलिमीटरचा फरक पडतो. अर्ध्या अंशाला दीड इंचाहून जास्त! जाडीचंही तसंच आहे. छपराची जाडी उताराला काटकोनात मोजली जाते, सीलिंगची उंची मात्र जमिनीपासून उभी. २५ अंशांच्या उतारात काटकोनातले १०० मिलिमीटर उभ्यात ११० होतात. हे दहा मिलिमीटर ज्याने हिशेबात धरले नाहीत, त्याचं सीलिंग कुठेतरी वाशात घुसतं किंवा भिंतीपासून सुटतं.

आणि मग येतं ते जोडायचं बटण. दोन वस्तू एकमेकींत शिरल्या असतील तर त्या निवडा, बटण दाबा, मधली रेघ गायब. दोन्हींचं मटेरियल एकच असेल तर छेदात, म्हणजे घर उभं कापून दाखवणाऱ्या नकाशात, त्या एकजीव दिसतात. बटणाचा यात काही दोष नाही. एका वस्तूतून दुसरीचा भाग वजा करायचा एवढंच भूमितीचं काम त्याला दिलंय आणि तेवढं ते चोख करतं. वजा झालेला भाग जागेवर कोण कापणार, कशाने कापणार, कापल्यावर तिथे पाणी आलं तर कुठे जाणार, हे त्याला कोणी विचारलेलंच नाही.

एकदा एका घरमालकांनी दुसरीकडून करून घेतलेलं मॉडेल माझ्याकडे आणलं. 'चित्र पास आहे, फक्त साइटवर उभं करून द्या,' असं त्यांचं म्हणणं. छेद उघडला तर देखणा. कौलांची रेघ, भिंत, सीलिंग, सगळं रेघेला रेघ. मी छेदाची रेषा धरून मीटरभर बाजूला सरकवली. तिथे सीलिंगचा जिप्सम बोर्ड छपराला भोकसून चांगला चार बोटं आभाळात आलेला. पुन्हा पहिल्या जागी येऊन पाहिलं तर गंमत कळली. रेव्हिटमध्ये नकाशावर पांढरा पट्टा टाकून खालचं झाकायची सोय असते. ती असते मजकुराखालच्या रेघा लपवायला वगैरे. या पठ्ठ्याने सांध्यावर तोच पांढरा पट्टा टाकला होता आणि वरून साध्या रेघांनी सांधा 'काढला' होता. म्हणजे मॉडेल एक सांगत होतं आणि कागद दुसरंच. पूर्वी हाताने किंवा ऑटोकॅडमध्ये छेद काढताना अवघड जागा टाळून सोयीच्या जागी काढायची पळवाट होती. मॉडेलमध्ये ती बंद झाली, कारण छेद कुठेही नेऊन पाहता येतो. या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग हाच, असं माझं मत आहे. त्याने दाखवलेलं खोटं पांढऱ्या पट्ट्याने झाकायचं असेल तर इतकी महागडी लायसन्स घ्यायची कशाला?

त्या मॉडेलमध्ये छप्पर म्हणजे १५० मिलिमीटर जाडीचा एकच ठोकळा होता, वरून कौलाचा रंग दिलेला. साइटवर ठोकळा नसतो. वर कौल, त्याखाली रीप म्हणून २५चा पाइप, त्याखाली वासा म्हणून १०० बाय ५०चा बॉक्स पाइप, मग हवेला जागा, मग सीलिंगचं चॅनल, आणि शेवटी साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड. आमच्या फॅब्रिकेटरनी प्रिंट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, 'मॅडम, चित्रात दोन्ही मिळालेत हो. पण माझा पाइप या जागेत मावत नाय. टेकवू कुठे?' प्रश्न बिनतोड होता. वासा भिंतीवर टेकतो त्या ठिकाणी बेसप्लेट, बोल्ट, वेल्डिंगला हात जाईल एवढी जागा आणि बाहेरच्या अंगाला पन्हळीचे ब्रॅकेट, हे सगळं वीतभर जागेत बसवायचं असतं. आम्ही तिथेच छपराची बेअरिंगची पातळी वाढवली आणि त्याबरोबर सीलिंगची उंची, खिडकीवरची पट्टी, एसीच्या पाइपाचं भोक, सगळं हललं. मॉडेलमध्ये हे हलवायला दुपार गेली असती. साइटवर हलवायला किती दिवस आणि पैसे गेले ते मालकांना विचारा.

आमच्याकडचे जुने सुतार छपराला हात घालण्याआधी जोत्यावरच्या कोब्यावर सूतदोरीने अख्खी कैची खऱ्या मापात आखत. आढं, वासे, भिंतीची जाडी, वळचण बाहेर किती येणार, सगळं जमिनीवर. दोन लाकडं जिथे भेटणार तिथे खाच कशी घ्यायची ते त्या आखणीवरच ठरे आणि लाकूड त्यावर ठेवून खुणा केल्या जात. अजूनही चारदोन सुतार हे करतात. कॉम्प्युटर त्यांनी पाहिलेला नसतो, पण छेद आधी, लाकूड नंतर हा क्रम त्यांना पक्का माहीत असतो. आमच्या पेशात तो क्रम उलटा झालाय. रेंडर आधी, ॲडव्हान्स त्यावर, छेद जमला तर.

मॉडेलमधला सांधा आणि खरा सांधा यांत फरक राहिला की काय होतं, याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात सिव्हिक सेंटर नावाचं क्रीडागृह होतं. त्याचं छप्पर म्हणजे लोखंडी पट्ट्यांची प्रचंड मोठी त्रिमितीय जाळी, आणि तिचं गणित त्या काळात नवलाच्या असलेल्या कॉम्प्युटरवर केलेलं. जाळी जमिनीवर जोडून मग वर उचलली, तर ती गणितात आलेल्या आकड्याच्या साधारण दुप्पट वाकलेली निघाली. कडेचे फॅशियाचे पॅनेल बसवणाऱ्याला छपराशी भोकंच जुळेनात. त्याला 'तुझं तू निभावून ने' असं सांगण्यात आलं. १८ जानेवारी १९७८च्या पहाटे, बर्फाच्या भाराखाली ते छप्पर कोसळलं. आदल्या रात्री तिथे बास्केटबॉलचा सामना झाला होता, पाच हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. ते सगळे घरी गेले होते म्हणून कोणी मेलं नाही. चौकशीत अनेक गोष्टी निघाल्या, त्यात एक ही होती: वरच्या दांड्यांना मधोमध आडवा आधार आहे असं गणितात धरलं होतं, प्रत्यक्षात आधाराच्या पट्ट्या त्या बिंदूला न मिळता जरा खाली जोडलेल्या होत्या. कागदावर तो एक बिंदू होता, लोखंडात ते दोन बिंदू झाले. आमच्या बंगल्यांवर कोणी बर्फ पडून मरणार नाही हे मान्य. पण भोकं जुळत नाहीत असं सांगणाऱ्या माणसाला गप्प करण्याची सवय मात्र तीच आहे.

'क्लीन जॉइंट' म्हणजे कुठेही फट नाही, अशी समजूत या चित्रांनी पसरवली आहे, ती तर मुळातच चुकीची आहे. सहा मीटर लांबीचा लोखंडी वासा तापमानात तीस अंशांचा फरक पडला की दोन मिलिमीटरने लांबतो. एप्रिलच्या दुपारी आणि पहाटे कौलाखालच्या लोखंडात तेवढा फरक सहज पडतो. त्या वाशांना टांगलेलं सीलिंग भिंतीला पुट्टीने घट्ट चिकटवलं तर पहिल्याच उन्हाळ्यात कडेने केसासारखी रेघ उमटते आणि मालक रंगाऱ्याला शिव्या देतात. भिंतीशी दहा-बारा मिलिमीटरची ग्रूव्ह मुद्दाम ठेवली तर छप्पर आपलं हलत राहतं आणि भेग दिसायला जागाच उरत नाही. मॉडेलमध्ये ही ग्रूव्ह काढायची म्हणजे जोडायचं बटण न दाबता सीलिंगची कड मुद्दाम आत घ्यायची. रेंडरमध्ये ती काळी बारीक रेघ दिसते आणि मालक विचारतात, 'ही फट का राहिली?' तेव्हा समजावून सांगायला बसावं लागतं. बसावं.

कौलांचं तर वेगळंच शास्त्र आहे. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला काढला आणि तिथून ती कौलं साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्यांची खुबी अशी की कौलांच्या मधून हवा जाते, आडव्या वाऱ्याच्या पावसात थोडे तुषारही आत येतात आणि लगेच वाळतात. खाली सीलिंग नसायचं, त्यामुळे मान वर केली की फुटकं कौल दिसायचं, गडी वर चढून ते बदलायचा. आता त्याच कौलांखाली आपण जिप्सम बोर्ड बंद करून टाकतो. मग कौल जूनमध्ये फुटतं आणि ते आपल्याला कळतं ऑगस्टमध्ये, सीलिंगवर चहाच्या रंगाचा डाग उमटल्यावर. तोवर वरचं इन्सुलेशन भिजून गोळा झालेलं असतं आणि चॅनलला गंज चढलेला असतो. म्हणून कौल आणि सीलिंग यांच्यामध्ये पाणी अडवणारा दुसरा थर लागतो. आमच्याकडे बरेच जण पत्रा घालतात. तो थर वळचणीपर्यंत नेऊन पन्हळीत सोडावा लागतो. तो भिंतीशीच संपवला तर अडवलेलं सगळं पाणी भिंतीच्या माथ्यावर येऊन बसतं. वर बघायला माणूस जाईल एवढं एक झाकण सीलिंगला असावं लागतं. हॉलच्या चित्रात ते झाकण कुणालाच नको असतं, त्यामुळे ते बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये ढकलावं. पण असावंच.

आणखी एक जागा जाता जाता सांगते. दोन बेडरूममधली भिंत सीलिंगपाशी थांबवायची की छपरापर्यंत न्यायची? मॉडेलमध्ये ती सीलिंगला जोडली की आतून दिसायला काही फरक पडत नाही. प्रत्यक्षात एका खोलीतलं घोरणं, टीव्ही आणि सासूसुनांचं बोलणं सीलिंगवरून फिरून दुसऱ्या खोलीत उतरतं. आग लागली तर धूरही त्याच वाटेने जातो. भिंत छपरापर्यंत न्या.

आमच्या व्यवसायातले मित्र म्हणतात, 'एवढं काढत बसायला फी कोण देतो?' यात तथ्य आहे. गावाकडे नकाशाचे पैसे देतानाच लोकांच्या जिवावर येतं. पंचायतीच्या मंजुरीला एखादा छेद पुरतो, त्यात छपराच्या जागी दोन रेघा असल्या तरी कोणी हटकत नाही. पण रेंडरला पैसे मिळतात. व्हिडिओ वॉकथ्रूला मिळतात. सीलिंगच्या खोबणीत लपवलेल्या एलईडी पट्टीसाठी वेगळं चित्र मागितलं जातं आणि त्याचेही मिळतात. म्हणजे पैशांची अडचण नाही, काय विकायचं ते आम्ही चुकीचं ठरवलंय. कॉलेजमध्येही तसंच. ज्यूरीसमोर भिंतभर रेंडर लावणाऱ्या मुलाला टाळ्या मिळतात, वळचणीचा छेद काढणारा कोपऱ्यात उभा. तीच मुलं पुढे आमच्याकडे कामाला येतात, रेव्हिट झरझर चालवतात आणि रीप वाशाच्या वर असते की खाली, असं विचारलं की पडद्याकडे बघत राहतात.

बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्याला निदान रेराचा आधार आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तो तीस दिवसांत, फुकट दुरुस्त करून द्यायचा असं कायदा सांगतो. स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्याला प्रवर्तकच नसतो. तिथे ठेकेदार फॅब्रिकेटरकडे बोट दाखवतो, फॅब्रिकेटर सीलिंगवाल्याकडे, सीलिंगवाला कौलवाल्याकडे. अशा वेळी तुमच्या हातात एकच गोष्ट असते, करारासोबत जोडलेला नकाशा. त्यात सांधा काढलेला असेल तर कोणी काय करायचं होतं ते दाखवता येतं. नसेल तर ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो आणि ऑगस्टमध्ये बादल्या तुम्हीच लावता.

म्हणून उतरत्या छपराचं घर बांधणाऱ्यांना माझी विनंती आहे. चित्र बघा, हौसेने बघा, पण ॲडव्हान्स देण्याआधी आर्किटेक्टसमोर बसून मॉडेल उघडायला सांगा आणि छेदाची रेषा तुम्ही म्हणाल तिथे सरकवायला लावा: वळचणीला, आढ्याला, दोन पाखी मिळतात त्या खोबणीला आणि छपराला उंच भिंत येऊन भिडते तिथे. प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारा: इथे पाणी आलं तर कुठून बाहेर जाईल? उत्तर बोटाने दाखवता आलं तर ठीक. 'ते साइटवर बघू' असं उत्तर आलं तर समजून जा. या चार जागांचे मोठ्या मापातले छेद कागदावर घ्या, त्यांचे वेगळे पैसे द्या आणि ते करारात जोडा. आणि हे सगळं लोखंड कापायच्या आधी. कोकणात छपराचं काम मेअखेर संपवायचं असेल तर तो कागद फेब्रुवारीत फॅब्रिकेटरच्या हातात असला पाहिजे.